दोन आधार कार्डं, एक खोली

शुक्रवारी संध्याकाळी चांदणी चौक ओलांडला, की पुण्याचा आठवडा संपतो. पौड, मुळशी, ताम्हिणीचा घाट, माणगाव, म्हसळा. दिवेआगरच्या सुरूच्या झाडांखाली पोहोचेपर्यंत रात्रीचे अकरा होतात. घरगुती राहण्याची सोय असलेल्या वाडीच्या ओसरीवर एक टेबल, टेबलावर कापडी पाठीची लांबट वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, किती जण. शेवटच्या रकान्यावर हाताने लिहिलेलं असतं ‘नातं’. बरीच वर्षं एकत्र राहणारे दोन पुरुष तिथे ‘मित्र’ असं लिहितात आणि वही पुढे सरकवतात. घरच्या काकू मायेने विचारतात, “डबल बेड आहे, चालेल ना? की खाली एक गादी टाकू?” दोघं एकमेकांकडे न बघता म्हणतात, “टाका.”

गादी टाकली जाते आणि रात्रभर तशीच राहते. सकाळी नाश्त्याला जाण्याआधी दोघांपैकी एक जण त्या गादीवरची चादर चुरगळतो, उशीला मधोमध खळगा पाडतो. खोली झाडायला येणाऱ्या बाईला गादी वापरलेली दिसायला हवी.

पुण्यातल्या कुठल्याही समलिंगी जोडप्यासमोर हा चादरीचा विषय काढला, तर समोरचा आधी हसतो आणि मग गप्प होतो. जवळपास प्रत्येकाच्या पोतडीत अशी एखादी युक्ती असते. कुणी बुकिंग करताना ‘ऑफिसच्या कामासाठी’ असं लिहितो, कुणी दोन खोल्यांचे पैसे भरून एकच वापरतो. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात भारतीय दंडविधानाच्या कलम 377 मधला संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला, त्याला आता बरीच वर्षं झाली. कायद्याने त्या खोलीतली भीती काढून घेतली. ओसरीवरच्या वहीतली मात्र तशीच आहे.

याला दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे दोन पुरुषांना खोली सहज मिळते, लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांना मिळत नाही. त्यामुळे ‘तुम्हाला कुठे अडचण येते?’ असं अनेक जण मनापासून विचारतात. अडचण अशी, की ती खोली खोटं बोलण्याच्या बदल्यात मिळते. दोन स्त्रियांना तर ‘घरचं कुणीच नाही सोबत?’ इथपासून सुरुवात होते. ट्रान्स स्त्रीच्या हातातल्या आधार कार्डावर जुनं नाव आणि जुना फोटो असला, तर तिला खोटं बोलण्याचीही सोय नसते. 2019 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळतं खरं, पण रात्री अकरा वाजता काउंटरवरच्या पोराला त्या कागदाचा अर्थ कोण सांगणार? आणि लग्नाचा दाखला नसलेल्यांना खोली देऊ नये असा नियम आहे म्हणावं, तर तोही नाही. डिसेंबर 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की अविवाहित प्रौढांनी हॉटेलच्या खोलीत राहणं हा गुन्हा ठरवणारा कायदाच नाही.

ज्यांच्या खिशाला परवडतं, ते या वहीपासून लांब निघून जातात. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत काम करणारी मुलंमुली वर्षभर सुट्ट्या आणि पैसे साठवून बार्सिलोनाजवळच्या सिट्जेसला जातात, ग्रीसच्या मिकोनोस बेटावर जातात, किंवा स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तोर्रेमोलिनोसला. व्हिसाच्या अर्जात इथेही ‘मित्र’च लिहावं लागतं, कारण भारतीय कायद्यात या नात्याला नाव नाही. दोघांनी वेगवेगळे बँकेचे कागद, वेगवेगळी रजापत्रं जोडायची. पण विमान उतरलं की पुढचे आठ दिवस कुणाला काही सांगावं लागत नाही. परत आलेल्यांना तिथल्या नाइट क्लबांबद्दल विचारलं, तर संगीत, रोषणाई, पहाटेपर्यंतचा नाच हे सगळं येतंच. पण आवाज हळवा होतो तो एका साध्या गोष्टीशी आल्यावर. समुद्राकाठच्या रस्त्यावरून हात हातात घेऊन चाललो आणि कुणी वळून पाहिलं नाही.

ते लोक मुळातच मोकळे, आपलं तसं नाही, असं यावर म्हटलं जातं. हे खरं नाही, आणि ते तोर्रेमोलिनोसमध्येच कळतं. मासेमारांचं हे गाव फ्रँकोच्या हुकूमशाहीत परदेशी पर्यटकांसाठी भरभराटीला आलं. 1962 पासून तिथल्या बेगोन्या नावाच्या एका गल्लीत समलिंगी लोकांचे बार उघडत गेले. परदेशी चलन हवं होतं म्हणून सरकारने काही वर्षं डोळे मिटून घेतले. मग 24 जून 1971 च्या रात्री पोलिसांनी गल्ली दोन्ही बाजूंनी बंद केली. तीनशेहून अधिक लोकांची ओळखपत्रं तपासली आणि शंभराहून अधिक जणांना पकडलं. परदेशी नागरिकांना देशाबाहेर काढलं, बारना कुलपं लागली. ज्यांची नावं नोंदवली गेली, त्यांच्या मागे ती नोंद पुढची कित्येक वर्षं लागून राहिली. त्याच स्पेनने 2005 मध्ये समलिंगी विवाह कायदेशीर केला, आणि त्या गल्लीला आता तिथल्या प्रांताने ऐतिहासिक स्मृतीचं स्थळ म्हणून मान्यता दिली आहे. दरम्यान 34 वर्षं गेली. त्या वर्षांत चळवळ झाली, खटले झाले. ग्रीसने तर हा विवाह फेब्रुवारी 2024 मध्ये मान्य केला. मिकोनोसची ख्याती त्याच्या कितीतरी दशकं आधीची. म्हणजे तिथे पाहुण्यांना आधी गावाने सामावून घेतलं आणि कायदा मागून आला.

नावं नोंदवली जाण्याची भीती पुण्याला नवी नाही. 1890 मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक अशी शहरातली मोठी मंडळी जमली आणि चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी घेतली नाहीत. प्रकरण तिथेच संपलं असतं. पण गोपाळराव जोशी यांनी हजर असणाऱ्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापली आणि शहर पेटलं. जातबहिष्काराचं ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, अनेकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कोण कुणाबरोबर कुठल्या टेबलाशी बसला, हे छापून आलं म्हणून माणसांची आयुष्यं ढवळून निघाली. आज दोन मुलगे ओसरीवरच्या वहीत खरं नातं लिहायला घाबरतात, तेव्हा त्यांच्या मनात जे असतं ते याच जातीचं असतं. ही वही कोण वाचेल? फोटो कुठे जाईल? गावात ओळखीचं कुणी निघालं तर?

पंगतीत आणि हॉटेलात कुणाला बसू द्यायचं, हा प्रश्न या मातीतल्याच एका माणसाने घटनेत नेऊन सोडवून ठेवला आहे. राज्यघटनेच्या कलम 15 चं दुसरं उपकलम दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या सार्वजनिक जागा यांचा उल्लेख नाव घेऊन करतं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या आधारावर तिथे कुणाला अडवता येणार नाही. घटनेतले बहुतेक मूलभूत हक्क सरकारला बांधतात. हे कलम मात्र गल्ल्यावर बसलेल्या माणसालाही बांधतं. नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत ‘दुकान’ या शब्दावर प्रश्न आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा अर्थ विस्तृत धरला होता. येईल त्याला सेवा द्यायला बसलेली कोणतीही जागा म्हणजे दुकान. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालाने ‘लिंग’ या शब्दात लिंगओळख आणली, आणि 2018 च्या निकालपत्रातल्या मतांनी लैंगिक कलही त्याच शब्दाखाली घेतला. ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशी पाटी लावून ज्याच्याशी आपलं जमत नाही त्याला परत पाठवणारा मालक या सगळ्याच्या विरोधात वागतो. त्याला कुणी हे सांगितलेलं नाही, एवढंच.

पुण्यातल्या रात्रींचंही असंच आहे. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा, बालेवाडी हाय स्ट्रीट. दारावर काळ्या कपड्यांतला बाउन्सर उभा असतो आणि तो दोनच शब्द बोलतो, ‘कपल’ किंवा ‘स्टॅग’. एक पुरुष आणि एक स्त्री असले की कपल, आणि आत सोडायचं. दोन पुरुष म्हणजे दोन स्टॅग, म्हणजे प्रवेश नाही किंवा दुप्पट पैसे. मुलींना त्रास होऊ नये म्हणून हा नियम आला हे मान्य, आणि त्या काळजीला आधारही आहे. पण त्यापायी एक गमावलेली संध्याकाळ हजारो जणांच्या वाट्याला येते. पाच वर्षांचा सहवास साजरा करायला आलेले दोघं फुटपाथवर उभे राहतात आणि आतल्या मैत्रिणीला फोन लावतात, “जरा बाहेर ये ना, आम्हाला आत घे.” ती येते, दोघांच्या मध्ये उभी राहते. बाउन्सर मोजतो आणि दार उघडतं.

म्हणून मग खासगी पार्ट्या होतात. ठिकाण त्या दिवशी दुपारी व्हॉट्सअॅपवर कळतं. ओळखीच्याने ओळखीच्याला आणायचं, फोटो काढायचे नाहीत, रात्री दीडला शहर बंद होण्याआधी पांगायचं. पुण्यात हे जाळं हळूहळू विणलं गेलं. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट उभा केला, हेल्पलाइन चालवली, मराठीत या विषयावर साध्या भाषेत पुस्तकं लिहिली. 11 डिसेंबर 2011 रोजी पुण्यातली पहिली प्राईड फेरी निघाली. बरोबर दोन वर्षांनी, 11 डिसेंबर 2013 लाच, सर्वोच्च न्यायालयाने कौशल खटल्यात उच्च न्यायालयाने बाजूला ठेवलेलं 377 पुन्हा जिवंत केलं. त्या काळात रस्त्यावर उतरलेल्यांनी काय पणाला लावलं होतं, हे आज विशीत असलेल्यांना सहजी उमगणार नाही. फेरीत कपडे साधे असावेत की झगमगीत, यावरून पुढे वादही झाले, आणि ते आतल्या लोकांमध्येच झाले. मिस्ट, युतक यांसारख्या पुढच्या संस्थांनी भेटीगाठी, शिबिरं, सहली सुरू केल्या. युरोपला जाऊ न शकणाऱ्या, महिन्याला पंधरा-वीस हजार मिळवणाऱ्या मुलाला याच भेटी म्हणजे रात्रीची दुनिया. ज्याला हेही माहीत नाही, तो बागेच्या कोपऱ्यात किंवा स्टेशनच्या पुलाखाली उभा राहतो आणि पोलिसाची काठी किंवा लुटारूची धमकी घेऊन घरी जातो. ही ठिकाणं सगळ्या शहराला ठाऊक आहेत. त्यांची नावं इथे मुद्दाम लिहिलेली नाहीत.

मग गोवा राहतो. वाकड किंवा स्वारगेटहून रात्री स्लीपर बस पकडली की सकाळी म्हापसा. गोव्याबद्दल मराठी मनात एक समजूत पक्की आहे, की तिथे सगळं चालतं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचं आयुष्य पाहिलं की त्या समजुतीची दोन्ही टोकं दिसतात. कोलवाळ गावात जुन्या घरात ते आपले साथीदार जेरोम मारेल यांच्याबरोबर राहिले, उघडपणे, कुणापासून काही न लपवता. गोव्याची कुणबी साडी फॅशनच्या मंचावर आणली, गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास लिहिला, 2014 मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी 2020 मध्ये ते गेले, तेव्हा सारा गोवा हळहळला. पण या दोघांना आपल्या नात्याची नोंद करायची होती, तेव्हा 2002 मध्ये ती फ्रान्सच्या कायद्याखाली करावी लागली, कारण मारेल फ्रेंच. गोव्यातला पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा देशभर आदर्श म्हणून सांगितला जातो. त्या कायद्यात कोलवाळच्या या घराला जागा नव्हती. आणि जानेवारी 2015 मध्ये त्याच गोव्याचे क्रीडा व युवक व्यवहारमंत्री रमेश तवडकर समलिंगी तरुणांना ‘नॉर्मल’ करण्याची केंद्रं उघडण्याबद्दल बोलले. देशभर टीका झाल्यावर सरकारला सारवासारव करावी लागली.

तरीही पुण्याची मुलं गोव्यातच जातात, आणि त्याचं कारण पाहुणचाराच्या धंद्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या परक्या देशांतून आलेली माणसं पाहिलेल्या घरमालकाला दोन पुरुष एका स्कूटरवर बसून आले याचं काही वाटत नाही. तो पासपोर्ट किंवा आधार बघतो, किल्ली देतो, पाण्याचा पंप किती वाजता लावायचा ते सांगतो. कोकणात दर्याचं पाणी तितकंच निळं आहे, मासे तितकेच ताजे आहेत आणि माणसं तर जास्तच जीव लावतात. त्या काकूंच्या प्रश्नात काळजीच होती. त्यांना दुसरी शक्यता कुणी दाखवलेली नाही.

एका खोलीने आयुष्यं कशी बदलतात, हे सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने मराठीत 2006 मध्येच लिहून ठेवलं आहे. पुण्यातलं एक घर, वरच्या खोलीत आलेला पाहुणा, आणि त्याच्यावर जीव जडलेले भाऊ आणि बहीण. पुढे त्यावर चित्रपट झाला तेव्हा कथा कोचीच्या समुद्राकाठी गेली. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ त्याआधी, 1981 मध्ये मंचावर आणली होती. मराठी वाचक-प्रेक्षकाला या माणसांची ओळख चाळीसहून अधिक वर्षांची आहे. त्यामुळे ‘आपल्या समाजाला अजून वेळ द्या’ हे म्हणणं आता पटत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. जून हा प्राईडचा महिना आला की कंपन्या आपलं चिन्ह सप्तरंगी करतात आणि जुलैत पुसून टाकतात. हॉटेलवाल्यांनीही तेच केलं तर काय उपयोग? पाटीवर इंद्रधनुष्य आणि आत तोच जुना प्रश्न, असं झालं तर फसवणूक आणखी वाढेल. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्न पाटीने सुटत नाही. डेटिंग अॅपवरून भेटायला बोलावून लुटण्याचे प्रकार पुण्यासह सगळ्या शहरांत घडतात, आणि घरी कळेल या धास्तीने तक्रार होत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात जुन्या 377 ची जागा घेणारं कलमच नाही. परक्या गावात एखाद्या पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला, तर त्याला थेट लागू होणारी तशी तरतूद आज उरलेली नाही. सुट्टीला निघालेल्या मुलाच्या आईला, तिला मुलाबद्दल माहीत असो वा नसो, ही गोष्ट झोप उडवणारी वाटायला हवी.

समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने संसदेकडे टोलवला गेला आहे आणि तो लवकर हलेल असं दिसत नाही. पण ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढता येतं आणि एकमेकांना नॉमिनी नेमता येतं. म्हणजे बँकेच्या फॉर्ममध्ये दोघांची नावं शेजारी बसतात, आणि दिवेआगरच्या वहीत बसत नाहीत. ती बसवायला संसदेची गरज नाही.

महाराष्ट्राने 2023 मध्ये ‘आई’ हे महिला पर्यटन धोरण आणलं. स्त्री प्रवाशांची सुरक्षितता आणि या क्षेत्रात उतरणाऱ्या स्त्रियांना मदत, असा त्याचा रोख आहे. प्रवासी म्हणजे फक्त कुटुंबप्रमुख पुरुष आणि त्याची मंडळी नव्हेत, हे सरकारने त्यात स्वतःच मान्य केलं. त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल अवघड नाही. घरगुती निवासाच्या नोंदणीत भेदभाव न करण्याची एक अट घालता येईल. घरमालकांच्या प्रशिक्षणात कलम 15 आणि ट्रान्स व्यक्तींच्या ओळखपत्राबद्दल एक तास ठेवता येईल. वहीतला ‘नातं’ हा रकाना काढून टाकता येईल, कारण पोलिसांना नाव, पत्ता आणि ओळखपत्र पुरतं. पुण्यातल्या पबवाल्यांना ‘कपल’ची व्याख्या बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. आलेली दोन माणसं आपण जोडपं आहोत म्हणाली की झालं. आत कुणी छेड काढली तर त्याला बाहेर काढायला बाउन्सर आहेतच. दारावर कोण उभं असावं याचाही विचार व्हावा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथी सुरक्षारक्षक नेमले. महापालिकेच्या फाटकावर जे जमलं, ते कल्याणीनगरच्या पबच्या दारावर जमायला हरकत नसावी.

आणि काकूंसाठी एवढंच. दिवाळीनंतर कोकणातला हंगाम सुरू होतो. त्याआधी पावसाळ्यात घरं दुरुस्त होतात, खोल्यांना रंग लागतो, ‘उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे मिळतील’ ही पाटी नव्याने रंगवली जाते. फोनवर बुकिंग घेतानाच त्यांनी विचारावं, “एक बेड हवा की दोन?” पुण्याहून उत्तर येईल, बहुधा क्षणभर थांबून, “एकच.” त्यांनी ते वहीत लिहून घ्यावं आणि पुढचं विचारावं, मासे खाता ना, आणि रात्री पोहोचायला किती वाजतील.